साखरेच्या गावातील वसंत

अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, ह्यूस्टन महानगराच्या नैर्ऋत्येस, ब्राझोस नदीच्या काळ्या कसदार खोऱ्यात एक गाव वसले आहे. त्याचे नाव शुगर लँड, म्हणजेच साखरेची भूमी. आपल्या मॉरिशसमध्ये असे नाव कोणा एका गावास देण्याचे कारण पडले नाही. तेथे बेटच्या बेट साखरेचे होते. तरीही हे नाव कानी पडताच गिरमिटियांच्या वंशजाचे मन क्षणभर थबकते. जेथे साखर तेथे ऊस, जेथे ऊस तेथे तो तोडणारे हात. आणि ते हात कोणाचे होते, हा प्रश्न आपण जगाच्या पाठीवर कोठेही गेलो तरी मनात उठल्यावाचून राहत नाही.

प्रस्तुत लेखात या गावातील प्राथमिक शाळेचे वसंत ऋतूतील जीवन आणि त्यामागील इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. शाळेचा मेळा, मुलांच्या शर्यती, पालकांची लगबग हे विषय वरवर पाहता अगदी साधे दिसतात. परंतु ज्या भूमीवर ही मुले खेळतात त्या भूमीची कथा आपल्या कथेची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. यास्तव ती आपण जाणून घ्यावी, एवढाच या लेखनाचा हेतू.

प्रथम ऋतूविषयी दोन शब्द. आपल्या बेटावर चैत्र पाडवा येतो तो उन्हाळा सरत असताना. पूर्वजांनी पंचांग बरोबर आणले, पण ऋतू काही गलबतात घालून आणता आले नाहीत. गुढी उभारताना आजीने वसंताचे वर्णन करावे आणि बाहेर वादळी पावसाळ्याचे अखेरचे ढग रेंगाळत असावेत, हे आपल्या अनुभवाचे आहे. शुगर लँडला मात्र चैत्र खरोखरीच वसंतात येतो. फेब्रुवारी संपता संपता ओक वृक्षांना पालवी फुटते आणि मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यांच्या कडेला ब्लूबॉनेट नावाची निळी रानफुले गालिच्यासारखी पसरतात. १९०१ साली या फुलास टेक्ससच्या राज्यपुष्पाचा मान मिळाला. या फुलांत मुलांना बसवून छायाचित्र काढणे हा तेथील कुटुंबांचा वार्षिक कुलाचारच होऊन बसला आहे, आणि आता त्यात नऊवारी नेसविलेल्या चिमुरड्याही दिसतात.

तेथील शाळेचे वर्ष ऑगस्टच्या मध्यास सुरू होते व मेअखेर संपते. त्यामुळे वसंत हा शाळेच्या दृष्टीने सुगीचा काळ. ह्यूस्टनमध्ये दरवर्षी भरणाऱ्या गुराढोरांच्या विख्यात प्रदर्शनाची सुरुवात १९३२ साली झाली. त्याच्या आरंभी, फेब्रुवारीच्या शेवटास, एका शुक्रवारी मुले गुराख्याची रुंद टोपी, उंच चामडी बूट आणि गळ्यात रुमाल अशा थाटात शाळेत येतात. २ मार्च हा टेक्ससच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस. १८३६ साली टेक्सस मेक्सिकोपासून वेगळा झाला, ही कथा वर्गात सांगितली जाते. त्यानंतर मार्चच्या मध्यास आठवड्याची वसंताची सुट्टी. पुढे एप्रिल-मे महिन्यांत राज्याची परीक्षा येते आणि मेच्या पहिल्या पूर्ण सप्ताहात शिक्षकांच्या गौरवाचा सोहळा. या सप्ताहात पालक शिक्षकांसाठी घरून खाद्यपदार्थ करून आणतात. अखेरीस क्रीडादिन. त्या दिवशी एकेका वर्गाचे एकेका रंगाचे सदरे असतात, पोत्यात पाय घालून उड्या मारण्याची शर्यत असते, रस्सीखेच असते, आणि हरलेल्या मुलासही बर्फाची गोड कांडी मिळते.

या सर्वांत समाजजीवनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा म्हणजे वसंतातील मेळा. अमेरिकेत पालक आणि शिक्षक यांचे राष्ट्रीय संघटन १८९७ साली सुरू झाले आणि आज प्राथमिक शाळांतून पालकांची समिती हीच शाळेच्या उत्सवांचा कणा असते. मेळ्याच्या दिवशी शाळेच्या पटांगणावर खेळांचे मंडप उभे राहतात. बाप मंडळी तंबूचे खांब ठोकतात, आया तिकिटे फाडतात, आजी-आजोबा झाडाखालच्या बाकावर बसून नातवंडांची जाकिटे सांभाळतात. मिळालेला पैसा ग्रंथालयाची पुस्तके, खेळाचे साहित्य, सहलीची गाडी अशा कामी लागतो. कोणाचे आडनाव गार्सिया, कोणाचे विल्यम्स, कोणाचे न्गुयेन, कोणाचे कुलकर्णी. परंतु लाडू वा केक विकताना हा भेद राहत नाही.

या मेळ्यात 'केक वॉक' नावाचा एक खेळ हमखास असतो. जमिनीवर मोठे वर्तुळ आखून त्यात आकडे लिहितात. वाद्य वाजू लागले की मुले वर्तुळावरून चालतात. वाद्य थांबले की ज्या मुलाच्या पायाखाली पुकारलेला आकडा असेल त्याला केक मिळतो. खेळ निरागस आहे, आणि मुलांना तो फार प्रिय आहे. परंतु या नावाचे मूळ शोधू गेल्यास आपण थेट मळ्यावर जाऊन पोहोचतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलाम म्हणून राबणारी कृष्णवर्णी माणसे सणावारी एकत्र जमून एक नाच करीत. मालक लोकांच्या नृत्यातील डौल, ताठ मान, लवून केलेली वंदने यांची त्यात हुबेहूब नक्कल असे. मालकास ती गंमत वाटे; नाचणाऱ्यांस ठाऊक असे की आपण कोणाची थट्टा करीत आहोत. उत्तम जोडीला बक्षीस म्हणून केक मिळे. त्या नाचाचे नाव पुढे रंगभूमीवर गेले, तेथून शाळेच्या पटांगणात आले, आणि नाचणारे मात्र विस्मृतीत गेले.

आपल्याला हे समजणे कठीण नाही. गणेशोत्सवात आपल्याकडे फेर धरून जी झाकरी नाचली जाते ती कोकणातील जाखडीची लेक आहे. उसाच्या फडातून आलेल्या थकलेल्या पायांनी ती या बेटावर जिवंत ठेवली. ती कोणी आणली हे आपण आपल्या मुलांना सांगतो, म्हणून ती आपली राहिली. केक वॉकच्या वर्तुळावर चालणाऱ्या मुलास हे कोणी सांगत नसेल, तर खेळ उरतो आणि वारसा हरवतो. शुगर लँडच्या इतिहासाचे मर्म या एका खेळात साठवले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

मळ्यापासून गावापर्यंत

आता या गावाची पूर्वपीठिका पाहू. १८२८ साली येथील जमीन वसाहतकार स्टीफन ऑस्टिन यांच्या योजनेतून सॅम्युअल विल्यम्स यांस मिळाली. ओकलंड नावाचा मळा उभा राहिला आणि १८४३ साली तेथे उसाचा पहिला चरक फिरू लागला. हे काम गुलामांच्या श्रमावर चाले. मेक्सिकोने १८२९ सालीच गुलामगिरी रद्द केली होती. परंतु १८३६ च्या टेक्सस प्रजासत्ताकाच्या घटनेने तिला संरक्षण दिले. त्याच सुमारास आपल्याकडे काय घडत होते, याची आठवण वाचकांस होईलच. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईस येथे उतरले आणि १८३५ मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. एकीकडे गुलामांच्या जागी करारबद्ध मजूर आणण्याचा प्रयोग सुरू झाला, तर दुसरीकडे गुलामगिरीची मुळे अधिक खोल गेली. दोन्हीकडे पीक एकच होते.

टेक्ससमधील गुलामांच्या कानी मुक्तीची घोषणा पडली ती १९ जून १८६५ रोजी. त्याच वर्षी अमेरिकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली. तिने गुलामगिरी रद्द केली, पण एक पळवाट ठेवली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेता येतील. दक्षिणेकडील राज्यांनी या पळवाटेचा पुरेपूर उपयोग केला. काम नसलेला, मालक बदलणारा, रस्त्यावर फिरणारा कृष्णवर्णी मनुष्य 'भटका' ठरवून पकडावा आणि तुरुंगात घालावा, असे कायदे झाले. हे वाचताना आपल्या बेटावरील भटकेपणाचा कायदा कोणास आठवणार नाही? १८६७ चा तो जाचक कायदा, पास व छायाचित्र जवळ बाळगण्याची सक्ती, एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत, आणि १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेवित्झ यांनी मजुरांच्या वतीने केलेला अर्ज, हे सारे आपल्या इतिहासाचे अध्याय आहेत. महासागर दोन होते. मळेवाल्यांची युक्ती एक होती.

पकडलेले बंदी राज्य सरकार भाड्याने देऊ लागले. १८७८ साली एडवर्ड कनिंगहॅम आणि लिटलबेरी एलिस या शुगर लँड परिसरातील दोघा मळेवाल्यांनी पाच वर्षांसाठी राज्यातील सर्वच बंद्यांचा मक्ता घेतला. सर्वसामान्य मक्ता संपल्यानंतरही बंदी मळ्यांवर भाड्याने देण्याची पद्धत चालू राहिली. गुलाम विकत घ्यावा लागे, म्हणून धन्याला निदान आपल्या पैशापुरती त्याच्या जिवाची काळजी असे. भाड्याचा बंदी मेला तर दुसरा मिळे. ब्राझोसकाठच्या दलदलीत, तापाच्या साथीत, चाबकाच्या धाकाखाली ही माणसे ऊस लावीत व तोडीत. १९०९ साली वृत्तपत्रांतून या छळाची वर्णने प्रसिद्ध झाली, लोकमत खवळले आणि १९१० साली विधिमंडळाने ही पद्धत बंद करण्याचा कायदा केला.

कंपनीचे गाव, कंपनीची शाळा

याच संधिकाळात, १९०७-०८ च्या सुमारास, गॅल्व्हेस्टनचे आयझॅक केम्पनर आणि त्यांचे भागीदार विल्यम एल्ड्रिज यांनी येथील मळे व कारखाना विकत घेऊन इंपीरियल शुगर कंपनीचा पाया घातला. बंदी गेले म्हणजे पगारी कामगार हवेत. पगारी कामगार कुटुंबासह राहावयाचे तर घर, दुकान, दवाखाना आणि शाळा हवी. दलदलीतून चर खणून पाणी काढण्यात आले, घरे बांधण्यात आली आणि एका छळछावणीच्या जागी सुव्यवस्थित गाव उभे राहू लागले. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, दिवाबत्ती कंपनीची. आपल्या इस्टेटीवरील जुन्या मंडळींस या व्यवस्थेची नवलाई वाटणार नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ मध्ये, येथे जी शाळा बांधण्यात आली ती मात्र खरोखर विलक्षण होती. तळ्याच्या काठी, अर्धचंद्राच्या आकारात, अकरा स्वतंत्र इमारती. मध्यभागी सभागृह आणि दोन्ही बाजूंस वर्ग. हवा खेळती, उजेड भरपूर, आणि दार उघडले की हिरवळ. त्या अर्धचंद्रातील सभागृहाची इमारत काळाच्या ओघात मागे उरली आणि त्याच जागी लेकव्ह्यू नावाने प्राथमिक शाळा चालत आली. मजुराच्या मुलासाठी इतकी देखणी शाळा बांधावी, ही दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती. तिचे श्रेय कंपनीच्या चालकांस देणे न्याय्य आहे.

तथापि इतिहासाने अर्धे चित्र दाखवून थांबू नये. त्या अर्धचंद्रात सर्व मुलांस जागा नव्हती. गोऱ्या कामगारांची वस्ती 'दि हिल' म्हणजे टेकडीवर, तर कृष्णवर्णी व मेक्सिकन कुटुंबांची मेफील्ड पार्कच्या बाजूस. एकाच कारखान्यात बाप राबत असता कृष्णवर्णी मुलांची शाळा मात्र वेगळी होती. साखर शुभ्र करण्याचे काम दोघांच्या बापांचे. शाळेचा वसंत मात्र दोघांच्या मुलांना निरनिराळा.

हा भेद कसा होता ते वसंतातील स्पर्धांवरून उत्तम समजते. टेक्सस विद्यापीठाच्या आश्रयाखाली १९१० च्या दशकात शाळाशाळांतील स्पर्धांची एक संघटना उभी राहिली. दर वसंतात जिल्ह्याजिल्ह्यांतून मेळावे भरत. शब्दांची वर्तनी, वक्तृत्व, वादविवाद, धावणे, उड्या मारणे अशा स्पर्धांत खेड्यापाड्यांची मुले उतरत. मुलांबरोबर सारे गाव लोटे. घरून बांधून आणलेल्या शिदोऱ्या झाडाखाली सोडल्या जात आणि विजयी मुलाचे नाव गावात वर्षभर घेतले जाई. परंतु या स्पर्धा गोऱ्या मुलांसाठी होत्या. म्हणून १९२० साली कृष्णवर्णी शाळांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापिली, आणि पुढे प्रेअरी व्ह्यू येथील महाविद्यालय तिचा आधार झाले. तेथेही वसंतात मुले धावत, बोलत, गात. तेथेही आया शिदोऱ्या बांधीत. दोन वसंतांच्या मध्ये उभी असलेली ही भिंत १९६७ साली, दोन्ही संघटना एकत्र येऊ लागल्या तेव्हा, पडू लागली.

ज्या समाजास मांडवात जागा मिळत नाही तो आपला मांडव घालतो. मजुरांनी दिवसभर राबून रात्री मिणमिणत्या दिव्याखाली चालविलेल्या बैठकांतून आपल्या आजोबांनी अक्षरे गिरविली, ती याच बाण्याने. १९०१ साली नौशेरा बोटीने प्रवास करताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले असता त्यांनी आपल्या लोकांस मुलांना शिकविण्याचा आग्रह केला, हे आपण अभिमानाने सांगतो. आपली मुले शिकावीत ही तहान शुगर लँडच्या मेफील्ड पार्कमध्येही तितकीच तीव्र होती.

पुढील काळाचा प्रवास त्वरेने सांगतो. १९२० च्या दशकात पिकावर रोग पडला आणि तेथे ऊस लावणे थांबले. कारखाना मात्र बाहेरून आणलेली कच्ची साखर शुद्ध करीत राहिला. साखरेच्या गावात ऊस उरला नाही, अशी ही विचित्र अवस्था. १९५९ साली शुगर लँड व मिझोरी सिटी या दोन ठिकाणचे शाळाविभाग एकत्र होऊन फोर्ट बेंड शाळाविभाग अस्तित्वात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शुगर लँडला नगराचा दर्जा मिळाला. १९६० च्या दशकात वर्णावर आधारलेल्या वेगळ्या शाळा संपुष्टात आल्या. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील लोकांस उघडली, १९७० च्या दशकात जुन्या मळ्यांच्या जमिनीवर नव्या वसाहती उठल्या, आणि तेथे राहावयास आलेल्यांत भारतीय वैद्य, अभियंते व व्यापारी होते. २००३ साली कारखान्यातील साखरेचे काम कायमचे थांबले. २०२० च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या १,११,०२६ भरली, आणि तीत एक-तृतीयांशाहून अधिक लोक आशियाई वंशाचे होते.

म्हणजे ज्या भूमीवर एके काळी मनुष्यास नाव नव्हते तेथे आज शाळेच्या हजेरीपटावर साऱ्या जगाची नावे आहेत. मराठी कुटुंबांची मुले आठवडाभर या शाळांत शिकतात. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. त्याच्या प्रेरणेने गावोगावी सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात आणि तेथे मुले बाराखडी गिरवितात. पाडव्याची गुढी आणि शाळेचा क्रीडादिन यांत मोजक्याच आठवड्यांचे अंतर. हे मूल दोन वसंत जगते आणि दोन्ही आपलेच मानते.

शाळेच्या पायाखाली

आता या कथेतील गंभीर भागाकडे वळावे लागेल. २०१८ च्या वसंताच्या उंबरठ्यावर, १९ फेब्रुवारी रोजी, शुगर लँड येथे फोर्ट बेंड शाळाविभागाच्या एका नव्या शाळेसाठी खोदकाम चालू असता जमिनीतून मानवी हाड वर आले. ही शाळा मोठ्या विद्यार्थ्यांस तांत्रिक व व्यावसायिक शिक्षण देण्यासाठी बांधली जात होती. काम थांबले, पुरातत्त्वज्ञ आले. गावातील लहान मुले आपापल्या शाळांत शर्यतींचा सराव करीत असता, त्याच वसंतात, शास्त्रज्ञ हलक्या हाताने माती बाजूस सारीत होते. एक, दोन, दहा, पन्नास. अखेर ९५ मनुष्यांच्या अस्थी मिळाल्या.

हे बुलहेड छावणीचे विस्मृत दफनस्थान होते. १८७९ ते १९११ या काळाच्या दरम्यान मळ्यावर मेलेले कृष्णवर्णी बंदी येथे पुरले गेले होते. कोणत्याही थडग्यावर नाव नव्हते. त्यांतील सर्वांत लहानाचे वय १४ वर्षांच्या सुमारास असावे आणि सर्वांत वृद्धाचे ७० पर्यंत. हाडांवर अतिश्रमाच्या खुणा होत्या. चौदा वर्षांचा मुलगा! आजच्या काळात तो शाळेच्या मैदानावर धावत असता. तो उसाच्या फडात मेला आणि शंभरांहून अधिक वर्षांनी एका शाळेच्या पायाखाली सापडला.

ही घटना अगदीच अनपेक्षित नव्हती. रेजिनाल्ड मूर नावाच्या एका गृहस्थांनी अनेक वर्षे सांगून ठेवले होते की या परिसरात बंद्यांची थडगी असली पाहिजेत. ते स्वतः पूर्वी याच भागातील तुरुंगात पहारेकरी होते. नोकरी सोडल्यावर त्यांनी जुने कागद चाळले, जवळच्या एका लहानशा जुन्या दफनभूमीची देखभाल पत्करली आणि अधिकाऱ्यांचे दरवाजे ठोठावले. त्यांचे म्हणणे फार थोड्यांनी मनावर घेतले. जमिनीनेच साक्ष दिली तेव्हा सर्वांस ते पटले. २०२० साली मूर निवर्तले. मोठ्या पदव्या नसलेला, परंतु आपल्या लोकांची हाडे विसरू न देणारा असा एखादा मनुष्य प्रत्येक समाजास लाभला पाहिजे.

अस्थी सापडल्यावर वाद झाला. त्या अन्यत्र हलवाव्यात की तेथेच ठेवाव्यात? शाळा बांधावी की नाही? एका बाजूस हजारो मुलांची सोय व झालेला खर्च, दुसऱ्या बाजूस मृतांचा मान. लोकांनी सभा घेतल्या, तक्रारी केल्या, न्यायालयाचीही पायरी चढण्यात आली. शेवटी बांधकामाच्या आराखड्यात फेर करण्यात आला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ते ९५ जण जेथे सापडले तेथेच सन्मानपूर्वक पुन्हा भूमीच्या स्वाधीन करण्यात आले. शाळाविभागाने २०२० साली या संशोधनाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि बंदी भाड्याने देण्याच्या पद्धतीचा इतिहास शिक्षणात आणला. कारागृहाच्या जुन्या नोंदींतून मृतांची नावे हुडकण्यात आली. परंतु कोणत्या अस्थी कोणाच्या, हे ठरविणे अवघड असल्याने वंशजांचा शोध घेऊन रक्ताच्या नात्यावरून ती जुळविण्याचे प्रयत्न झाले.

येथे आपल्या भाग्याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. गिरमिट जाचक होते, हे कोण नाकारील? परंतु आपल्या पूर्वजांची नोंद झाली. सुमारे साडेचार लक्ष मजूर या बेटावर उतरले. प्रत्येकास क्रमांक मिळाला, आणि क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण लिहिली गेली. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही काढण्यात आली. ही नोंद मालकाच्या सोयीसाठी होती, मजुराच्या प्रेमाने नव्हे. तरीही तिच्यामुळेच आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन रत्नागिरी वा साताऱ्याकडील आपले गाव शोधता येते. आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या २००६ साली जागतिक वारसा ठरल्या. शुगर लँडच्या त्या ९५ जणांना ना पायरी मिळाली, ना पान. त्यांच्यासाठी एक शाळाच साक्षीदार झाली.

आणि तरीही आपण आत्मसंतुष्ट राहावे असे नाही. नोंद दप्तरात असणे आणि नाव मुलाच्या ओठावर असणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. आपल्यातील किती जणांस आपल्या पहिल्या पूर्वजाचा क्रमांक सांगता येईल? गाव सांगता येईल? कागद वाळवीपासून जपला, पण घरात त्याचा उच्चारच झाला नाही, तर आपल्या पूर्वजांच्या थडग्यावरही नाव नाही असेच म्हणावे लागेल.

कोणी विचारील की लहान मुलांच्या वसंतमेळ्यात हे दुःख कशास आणावे? शंका रास्त आहे. सहा वर्षांच्या मुलास चाबकाची वर्णने सांगू नयेत. केक वॉकच्या वर्तुळावर चालणाऱ्या मुलीचा आनंद हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु तिला इतके खुशाल सांगावे की हा खेळ कोणीतरी फार कष्टाच्या दिवसांत शोधून काढला, त्यांच्याजवळ काही नव्हते तेव्हाही त्यांनी नाचणे सोडले नाही, आणि हा केक ज्या साखरेने गोड झाला त्या साखरेमागे माणसे होती. इतके कळलेले मूल केक अधिक आदराने खाईल. त्याची गोडी काही कमी होणार नाही. ज्या शाळेचे समाजजीवन अशा आठवणीवर उभे असते तेथे गार्सिया, विल्यम्स, न्गुयेन आणि कुलकर्णी यांची मुले परस्परांची नुसती वर्गबंधू न राहता परस्परांच्या इतिहासाची भागीदार होतात.

वाचकहो, शुगर लँड आपल्यापासून फार दूर आहे. आपल्यातील थोडेच तेथे जातील. परंतु आपल्या गावच्या शाळेत, आपल्या मंडळाच्या वर्गात, पाडव्याच्या सकाळी एक छोटेसे काम आपणांस करता येईल. गुढी उभारून झाल्यावर घरातील सर्वांत लहान अक्षर-ओळख झालेल्या मुलाच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर आपल्या घराण्यातील जो पुरुष किंवा जी स्त्री प्रथम या बेटावर उतरली तिचे नाव, गाव, क्रमांक आणि वर्ष लिहिलेले असावे. मुलाने ते मोठ्याने वाचावे, घरच्यांनी ऐकावे, आणि मग कडुनिंबाच्या पानाबरोबर गूळ द्यावा. कडू व गोड एकत्र घेण्याची शिकवण या सणाने आपणांस पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे. साखरेच्या भूमीवर जन्मलेल्या आपणांहून तिचा अर्थ अधिक कोणास उमगावा?

ब्राझोसकाठच्या ९५ अनाम बांधवांस आणि आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढलेल्या आपल्या पूर्वजांस एकत्र वंदन करून, दोन्ही भूमींवरील शाळांतील मुलांचा वसंत निरंतर बहरो, अशी जगन्नियंत्याचे चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.